‘ऑटोफिल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : संगणकाच्या वापराविषयीच्या एका माहितीपुस्तिकेचा मी मराठी अनुवाद करत आहे. तिच्यात ‘ऑटोफिल’ आणि ‘ऑटोकम्प्लीट’ हे शब्द वारंवार येतात. दोहोंसाठी ‘स्वयंभरण’ हा एकच शब्द वापरावा, असे माझे सहकारी सुचवतात. हे दोन शब्द समानार्थी आहेत का? नसल्यास फरक कोणता आणि मराठीत काय लिहावे?

उत्तर : हे शब्द समानार्थी नाहीत. आपण दोन-चार अक्षरे टंकित केली आणि उरलेला शब्द यंत्राने सुचवला, तर ते ऑटोकम्प्लीट होय. आधी साठवून ठेवलेल्या माहितीतून यंत्राने रिकामी चौकट स्वतःच भरली, तर ते ऑटोफिल होय. समजा, समोर एक अर्ज आहे. आपण नावाच्या चौकटीत टिचकी मारता, खाली उघडलेल्या छोट्या यादीतून आपला पत्ता निवडता, आणि त्याच क्षणी नाव, आडनाव, रस्ता, गाव, पिनकोड, दूरध्वनी अशा सहा-सात चौकटी एकदम भरतात. अनेक ब्राउझरमध्ये त्यांची पार्श्वभूमीही फिकट रंगाची होते, जेणेकरून हा मजकूर आपण लिहिलेला नाही हे ध्यानात यावे. हे ऑटोफिल झाले. याउलट शोधचौकटीत ‘महा’ एवढेच लिहिल्यावर खाली ‘महाराष्ट्र’, ‘महासागर’ असे पर्याय दिसू लागतात, ते ऑटोकम्प्लीट.

गोंधळ होतो त्याला एक कारण आहे आणि ते वापरणाऱ्यांच्या अज्ञानात नाही. वेबपृष्ठ ज्या एचटीएमएल या संगणकीय भाषेत लिहिले जाते, तिच्यात अर्जाची चौकट आपोआप भरावी की नाही हे सांगणाऱ्या गुणधर्माचे नावच ‘ऑटोकम्प्लीट’ असे आहे. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या १९९९ मधील पाचव्या आवृत्तीबरोबर तो आला आणि पुढे प्रमाणित झाला. आज एचटीएमएलच्या प्रमाणग्रंथात या विषयाच्या प्रकरणाचे शीर्षक ‘ऑटोफिल’ आहे आणि त्यात वर्णिलेला गुणधर्म मात्र ‘ऑटोकम्प्लीट’! म्हणून मूळ मजकुरात कोणता शब्द आहे एवढ्यावर विसंबून अनुवाद करू नये. तिथे प्रत्यक्षात काय घडते ते पाहून शब्द ठरवावा.

तक्तापत्रकातील ऑटोफिल याहून निराळे आहे. एक्सेलमध्ये निवडलेल्या घराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक चौकोन दिसतो. एकाखाली एक अशा दोन घरांत १ आणि २ लिहून, दोन्ही घरे निवडून तो चौकोन खाली ओढला की ३, ४, ५ अशी मालिका पुढे सरकते. एकट्या १ चे घर ओढले, तर साधारणपणे १ च खालपर्यंत उमटत जातो, कारण एका आकड्यावरून क्रम ठरत नाही. तारीख असेल, तर मात्र एकाच घरावरून पुढचे दिवस मिळतात. येथे जुनी माहिती परत येत नाही, तर नमुना ओळखून नवी माहिती तयार होते. ‘प्रीफिल’ हा तिसरा शब्दही याच संदर्भात भेटतो. अर्ज उघडतानाच संस्थेने स्वतःच्या नोंदींतून काही रकाने भरून दिलेले असतात तेव्हा तो वापरतात. त्याला ‘पूर्वभरित’ म्हणता येते आणि तो शब्द मला निर्दोष वाटतो.

आता ‘स्वयंभरण’विषयी. मराठीत ‘स्वयं’ने सुरू होणारे शब्द दोन अर्थच्छटांचे आहेत. ‘स्वयंचलित’मध्ये यंत्र आपले आपण चालते, पण ‘स्वयंसेवा’, ‘स्वयंअध्ययन’ यांत माणूस स्वतःच्या हाताने, दुसऱ्याच्या मदतीविना काम करतो. ‘स्वयंभरण’ हा शब्द प्रथमच वाचणारा त्याचा अर्थ ‘अर्ज स्वतः भरणे’ असा घेऊ शकतो, म्हणजे मूळ अर्थाच्या नेमका उलट. कोणी ‘स्वयंभरणा’ असे लिहिले, तर अडचण आणखी वाढते, कारण ‘भरणा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पैशांचा भरणा येतो आणि खात्यातून रक्कम आपोआप वळती होण्याची ही सोय असावी, असे वाटू लागते. भरतो कोण, हेच ज्या शब्दातून कळत नाही, तो शब्द सूचनापुस्तिकेत चालणार नाही.

म्हणून माझे मत असे की, संज्ञा म्हणून ‘ऑटोफिल’ हाच रुळलेला शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाजवळ ‘माहिती आपोआप भरण्याची सोय’ असा खुलासा द्यावा. ‘ऑटोकम्प्लीट’साठी ‘शब्दपूर्ती’ वापरता येईल. क्रियापदाबाबत एक काळजी घ्यावी. ‘पत्ता ऑटोफिल करा’ ही सूचना वाचकाला बुचकळ्यात टाकते, कारण ती क्रिया त्याने करायची नसते. ‘ऑटोफिल सुरू करा’, ‘ऑटोफिलने भरलेला पत्ता तपासा’ अशी रचना केली की, माणसाचे काम कोणते आणि यंत्राचे कोणते, हे वाक्यातच स्पष्ट होते.

प्रश्न : ऑटोफिल कधीकधी चुकीच्या चौकटीत भलतीच माहिती का भरते? आणि ते वापरणे सुरक्षित आहे का?

उत्तर : चौकटीत काय अपेक्षित आहे हे ब्राउझरला पृष्ठाच्या रचनेवरून कळते. पृष्ठ लिहिणाऱ्याने ‘येथे आडनाव’, ‘येथे पिनकोड’ अशी ठरलेली खूण दिली असेल, तर माहिती बहुधा जागच्या जागी पडते. दिली नसेल, तर ब्राउझर चौकटीच्या नावावरून अंदाज बांधतो आणि अंदाज चुकतो. ज्यांना टंकन करणे कष्टाचे जाते किंवा लिहिताना चुका होतात, अशा व्यक्तींना या खुणांचा मोठा आधार असतो, आणि म्हणूनच वेबसुलभतेच्या २०१८ मधील मार्गदर्शक तत्त्वांत त्यांचा समावेश झाला.

सुरक्षिततेचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पासवर्डच्या बाबतीत ऑटोफिल उपकारकच ठरते. जतन केलेला पासवर्ड ज्या संकेतस्थळाचा आहे, त्याच पत्त्यावर तो भरला जातो. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पृष्ठावर डोळे फसतील, पण पत्त्यातील एका अक्षराचा फरकही ब्राउझर पाहतो आणि चौकट रिकामी ठेवतो. नेहमी भरणारी चौकट अचानक रिकामी राहिली, तर हाताने पासवर्ड लिहिण्याआधी पत्ता नीट वाचावा. पत्ता, दूरध्वनी अशा माहितीला मात्र हे संरक्षण नाही, कारण ती कोणत्याही संकेतस्थळावर भरता यावी अशीच तिची योजना असते. पृष्ठावर नाव आणि ईमेल या दोनच चौकटी दाखवून बाकीच्या नजरेआड ठेवायच्या आणि त्यांतही माहिती ओढून घ्यायची, ही युक्ती २०१७ मध्ये प्रात्यक्षिकासह दाखवली गेली होती. अनोळखी संकेतस्थळावर दोन ओळी हाताने लिहिणे त्यामुळे बरे. घर बदलल्यावर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन जुना पत्ता काढूनही टाकावा. नाहीतर तो यादीत तसाच राहतो आणि घाईत नेमका तोच निवडला जातो.