पायथन व जावास्क्रिप्ट स्वतःच शिकलो आहे. मेमरी व्यवस्थापन समजण्यासाठी सी घ्यावी की थेट रस्ट?

आधी दोन-तीन महिने सी घ्यावी आणि मग रस्टकडे वळावे, कारण रस्टचा कंपायलर ज्या चुका रोखतो त्या एकदा स्वतःच्या हातून घडल्याशिवाय त्याचे नियम निव्वळ जाच वाटतात. नवशिक्यांचा सी कोड तपासताना वारंवार दिसणारी एक चूक पाहा. मॅलॉकने (मेमरीत जागा मागणारे सीचे फंक्शन) घेतलेल्या ॲरेतील तिसऱ्या घटकाचा पत्ता एका पॉइंटरमध्ये ठेवला, पुढे जागा अपुरी पडली म्हणून रीॲलॉक केले (म्हणजे जागा वाढवून मागितली) आणि त्याने सगळा ॲरे दुसरीकडे हलवला, तर तो जुना पॉइंटर आता मुक्त झालेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो. वाईट म्हणजे तेथून वाचलेली किंमत पुष्कळदा बरोबरच येते, त्यामुळे प्रोग्राम चालला म्हणून तो बरोबर आहे असा समज होतो. म्हणून गरजेनुसार वाढणारा ॲरे स्वतः लिहावा आणि जीसीसी किंवा क्लँग या सी कंपायलरमधील ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा. जागा कोठे घेतली, कोठे सोडली आणि नंतर कोठे वापरली, हे तो सांगतो, आणि डीबग माहितीसह कंपाइल केले असेल तर ओळ क्रमांकही देतो. हाच प्रकार रस्टमध्ये व्हेक्टरवर (तेथील वाढणारा ॲरे) करून पाहिल्यास प्रोग्राम कंपाइलच होत नाही (अनसेफ, म्हणजे सुरक्षेची जबाबदारी स्वतःवर घेणारा कोड वगळून), आणि बॉरो चेकर, म्हणजे कंपायलरमधील असे संदर्भ तपासणारा भाग, कशासाठी आहे ते तेव्हा उमगते. मात्र रस्टचे काम आधीच हाती आले असेल, तर सीसाठी थांबू नये.