१४ हजारांचा जुना रॅक सर्व्हर घेऊ का? आधी लाईटचं मीटर बघ

अरे थांब, टोकन दिलं नसशील तर देऊच नकोस. वीस हजार बजेट, वन बीएचके, प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम) आणि डॉकर (अ‍ॅप्स एकमेकांपासून वेगळी ठेवून चालवायचं साधन) शिकायचंय, घरचे फोटो एका जागी ठेवायचेत आणि १४ हजारांत दोन झिऑनवाला (म्हणजे इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर) सर्व्हर मिळतोय असं तू म्हणतोस. ६४ जीबी रॅम ऐकून जीव पाघळतो, माझाही पाघळला होता, मी तर आणला पण. चालू केला की पहिलं मिनिटभर पंखे असे सुटायचे की शेजारच्या काकूंनी विचारलं, पिठाची गिरणी टाकली का. आवाजाचं जाऊ दे, वॉटमीटर लावून बघितला तर एकही व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर, चालू नसताना नुसता बसून १३० वॉट. म्हणजे दिवसाला ३ युनिटच्या वर, महिन्याला ९४, आणि महावितरणचा दर स्लॅबने चढतो त्यामुळे हे ९४ तुझ्या घरच्या युनिटांवर चढून महागाच्या स्लॅबमध्ये जाऊन बसणार. आता माझ्याकडे जो छोटा डबा आहे तो तसाच नुसता बसून १२ वॉट खातो, महिन्याला ९ युनिट. हिशोबाला सोपं म्हणून युनिटला १० रुपये धर, फरक महिन्याला साडेआठशे, वर्षाला दहा हजार. म्हणजे तुझा १४ चा सर्व्हर वर्षात २४ ला पडला, आणि विकायला काढलास तर कुणी ढुंकून बघत नाही, मी सहा महिने प्रयत्न केलाय.

तुला हवाय तो ऑफिसातून लीज संपून बाहेर पडलेला मिनी पीसी. लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी, सगळे एकाच जातीचे, जाडजूड पुस्तकाएवढे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारलीस तर बघून, चालवून घेता येतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेल प्रोसेसरची ८ वी जनरेशन लागते, त्यामुळे ६ वी-७ वीवाले डबे कंपन्यांना नकोसे झालेत. आपल्याला लिनक्स टाकायचंय, आपलं काय बिघडतं? तरी दोन-तीन हजारांचाच फरक असेल तर ८ वीच घे, ८ वीतल्या आय-५ ८५००टी प्रोसेसरला ६ कोर आहेत, ६ वीतल्या ६५००टी ला ४, आणि कामाला लागल्यावर दोन्ही ३५ वॉटचेच. फरक जास्त असेल तर ७ वी, पण ६ वी शक्यतो नको, कारण १० बिट एचईव्हीसी (नव्या पद्धतीने दाबून लहान केलेला) व्हिडिओ हार्डवेअरवर ७ वीपासून नीट चालतो, उद्या घरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं जेलीफिन टाकलंस की हे आठवेल. इंटेलच्या एन१०० या छोट्या प्रोसेसरवाले नवे डबेही वाईट नाहीत, वीज आणखी कमी खातात, पण रॅमला एकच चॅनेल, आणि त्याच पैशात ६ कोर मिळत असतील तर मी टायनीच उचलेन.

रॅम आत बसवलेलीच घे, १६ जीबी तरी. सध्या सुट्या रॅमचे भाव बघवत नाहीत. आणि कुणी सर्व्हरची ईसीसी रजिस्टर्ड रॅम स्वस्तात देतो म्हणाला तर हात जोड, ती यात बसतच नाही.

दुकानात एक गोष्ट मात्र बघच, अ‍ॅडाप्टर. मला दुकानदाराने ओरिजिनलच्या जागी दुसराच दिला, "सेम पिन है, चलेगा". चालला पण. फक्त सगळं गोगलगायीसारखं, साधा अपडेट करायला अर्धा तास, दोन दिवस मी प्रॉक्समॉक्सला शिव्या घातल्या, डिस्क बदलली, परत इन्स्टॉल केलं. शेवटी बघतो तर प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झच्या वर जायलाच तयार नाही. काही मशीनच्या अ‍ॅडाप्टरला मधे एक बारीक पिन असते, त्यातून मशीनला कळतं की हा किती वॉटचा आहे, ते कळलं नाही की मशीन स्वतःच स्पीड पाडून बसते. म्हणून दुकानातच बायोस (मशीन सुरू होतानाचा सेटिंगचा मेनू) उघड, अ‍ॅडाप्टरचा वॉटेज दिसतोय का बघ, आणि बायोसला पासवर्ड आहे का तेही तिथेच कळेल, असेल तर सरळ सोडून दे.

फोटोंची डिस्क जुनी घेऊ नकोस, इथे कंजूषी नको. नवी घेतानाही सीएमआर आहे की एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) ते विचार, झेडएफएस (अनेक डिस्क जोडून डेटा सांभाळणारी फाइल सिस्टीम) लावणार असशील तर एक डिस्क बदलून डेटा परत भरताना, म्हणजे रीबिल्डला, एसएमआरवाली रडवते. सोबत जी जुनी एसएसडी येईल ती फक्त ओएसला वापर. आणि एक डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, दुसरी कॉपी दुसऱ्या घरी, माझी बहिणीकडे असते.

घरी आणल्यावर बायोसमध्ये लाईट गेल्यावर काय करायचं ते सेटिंग शोधून 'पॉवर ऑन' कर, नाहीतर तू गावाला आणि मशीन बंद, मग बायकोला फोनवर बटण कुठंय ते सांगत बसशील. जमलं तर राउटर आणि डबा दोन्ही एका छोट्या यूपीएसवर टाक, १२ वॉटला तो बराच वेळ पुरतो. सर्व्हरवाल्याला आजच नाही म्हणून कळव, रोज फोन करून पिडतात ते.