चहात ओट्सचं दूध का फाटतं?

प्रश्न : ताई, मला दूध पचत नाही, पोट फुगतं, म्हणून मुलीने बंगळुरूहून येताना ओट्स मिल्क, बदाम मिल्क असं काय काय आणलं. कॉफीत ठीक लागतं पण आल्याच्या चहात फाटलं आणि सासूबाई म्हणाल्या ह्याला दूध कोण म्हणतो गो! नक्की कुठलं घेऊ?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : सासूबाईंचं कायद्याने पण बरोबर आहे बरं का, एफएसएसएआय, म्हणजे खाण्यापिण्याचे नियम ठरवणारी सरकारी संस्था, अशा पेयांना 'दूध' असं लेबल लावू देत नाही, नारळाच्या दुधासारखी जुनी रुळलेली नावं तेवढी चालतात. आणि आपल्याकडे सोलकढीपासून मणगण्याच्या खिरीपर्यंत नारळाचा रस आहेच की, त्याला कोणी व्हेगन म्हणून वेगळे पैसे लावले नव्हते!

चहाचं म्हणाल तर आल्याने गाईचं दूधही फाटतं, आलं आधी पाण्यात चांगलं उकळा, गॅस बंद करा आणि मग ओट्सचं घाला, थंडगार नको, आणि घातल्यावर परत उकळू नका. लोक घेतात ते बहुतेक चवीवर, ओट्सचं जरा गोडसर नि दाट म्हणून कॉफीवाल्यांना आवडतं. पण प्रोटीन हवं तर सोया घ्या, १०० मिलीत साधारण ३ ग्रॅम, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास, बदामाच्यात जेमतेम अर्धा ग्रॅम, बाकी पाणीच, मला तरी ते महागडं पाणी वाटतं. पाकिटावर कॅल्शियम घातलंय का, साखर किती ते बघा. आणि दही चालतंय का ते थोडं खाऊन बघा, लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा त्रास असेल तर दही बऱ्याच जणांना सोसतं.