जांभळ्याचा पिवळा करताना: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात विकास आराखड्याच्या नकाशावरच्या रंगांबद्दल लिहिलं होतं. निवासी पट्टा पिवळा, औद्योगिक जांभळा, वगैरे. त्यावर आलेली बहुतेक पत्रं जांभळ्याबद्दलची आहेत. साहजिक आहे. मुंबईत पिवळ्याचा जांभळा करून द्या म्हणून कोणी अर्ज घेऊन आलेलं मी नगररचनेच्या नोकरीत पाहिलं नाही, उलट्या बाजूच्या अर्जांचे मात्र ढीग असत. पत्रलेखकांची नावं गाळून काही प्रश्न इथे घेते.

भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गावर एका बंद कारखान्याच्या जागी टॉवर होतो आहे. तिथे आम्ही घर बघितलं. पण ओळखीच्या एकाने डीपी रिमार्क (जमीन आराखड्यात कोणत्या पट्ट्यात आहे ते सांगणारा महापालिकेचा कागद) काढून दाखवला, त्यात जागा अजून औद्योगिक पट्ट्यातच दिसते. बुकिंगच्या टेबलावरचा मुलगा म्हणतो, "आय टू आर झालंय, टेन्शन नका घेऊ." घ्यायचं की नाही?

थोडं घ्या, पण रिमार्कमुळे नको. आय टू आर, म्हणजे औद्योगिकचा निवासी वापर (इंडस्ट्रियल टू रेसिडेन्शियल), झालं म्हणून नकाशावरचा रंग लगेच बदलत नाही. औद्योगिक पट्ट्यातल्या जमिनीवर काही अटींवर घरं किंवा कार्यालयं बांधायची परवानगी महापालिका आयुक्त देऊ शकतात. ही सोय १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत होती आणि २०१८ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीतही आहे. म्हणजे जमीन पट्ट्यात औद्योगिकच राहते, वापर तेवढा निवासी होतो. तेव्हा रिमार्क आणि तो मुलगा, दोघंही खरं बोलत असू शकतात.

तुम्ही बघायचं ते परवानगीचं पत्र, आणि त्यातही शेवटच्या पानांवरच्या अटी. मी फाईल नेहमी मागून वाचायला घ्यायची. पहिल्या पानावर सगळ्यांचं सगळं छानच असतं.

पहिली अट कामगार आयुक्तांच्या ना हरकत दाखल्याची. कारखाना बंद करून जागा बदलायची असेल तर कामगारांची कायदेशीर देणी चुकती केली, किंवा त्याबाबत मालक आणि कामगारांमध्ये समाधानकारक समझोता झाला, असा दाखला लागतो. "दाखला आहे" एवढ्यावर थांबू नका, दाखला वाचा. देणी चुकती केली असं लिहिलं आहे की नुसता समझोता झाला असं, हे बघा. समझोता असेल तर त्यातले हप्ते पोचले का, हे कामगार संघटनेकडे विचारता येतं. हप्ते थकले की प्रकरण कोर्टात जातं, आणि मग ज्याची घराची चावी अडकते त्याचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नसतो.

दुसरी गोष्ट मालमत्ता पत्रकावर सापडेल. भांडुप, कांजूरमार्ग, मुलुंड या पट्ट्यात कारखान्यांकडे मोठमोठ्या जमिनी होत्या. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याच्या कलम २० खाली त्यातल्या बऱ्याच जमिनींना सूट मिळाली, ती उद्योग चालवायचा या अटीवर. राज्याने तो कायदा २००७ मध्ये रद्द केला, पण कायदा गेला म्हणून सूट देताना घातलेल्या अटी आपोआप गेल्या नाहीत. पत्रकावर तसा शेरा असेल तर सरकारकडे अधिमूल्य (प्रीमियम) भरून तो काढला का, ते विचारा. आणखी जुना प्रकार म्हणजे सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली कंपनीसाठी जमीन घेऊन दिलेली असते. अशी जमीन सरकारच्या मंजुरीवाचून विकता येत नाही. जमीन कारखान्याने विकत घेतली होती की सरकारने मिळवून दिली होती, याचं उत्तर जुन्या फेरफारात असतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानाला वकिलाचा मालकी हक्काचा अहवाल जोडलेला असतो, तिथून सुरुवात करा.

तिसरी गोष्ट कोणी विचारतच नाही, ती म्हणजे माती. अशा एका जागेच्या पाहणीला गेले होते, तर शेड पाडून झाली होती पण अंगणात पिंपांचे गोल डाग तसेच होते, आणि त्या गोलांत गवताची एक काडी उगवलेली नव्हती. विकासकाचा माणूस म्हणाला, पावसाळ्यात धुऊन जाईल. इलेक्ट्रोप्लेटिंग, रंग, कीटकनाशकं, औषधं यांचे कारखाने जिथे होते तिथे जड धातू आणि द्रावकं जमिनीत मुरलेली असू शकतात, आणि पाऊस त्यांना धुऊन नेतो तो भूजलात. केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम २०२५ मध्ये काढले. त्याआधी परवानगी मिळालेल्या प्रकल्पात माती तपासली गेलीच असेल असं धरून चालू नका. आधी तिथे काय बनत होतं ते विचारा. बिस्किटं बनत असतील तर हा परिच्छेद विसरून जा.

माझे वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. एक तृतीयांश जमीन घरांसाठी मिळणार असं लहानपणी ऐकत आलो. आज तिथे काचेच्या इमारती आहेत. तो हिस्सा गेला कुठे?

नियमातच विरघळला. कसा, ते सांगते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे बंद आणि आजारी गिरण्यांचं करायचं काय, हा प्रश्न आला. गिरण्यांची जमीन सगळी मिळून सहाशे एकरांच्या आसपास, तीही शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ च्या नियमावलीत तिच्यासाठी वेगळा नियम केला, क्रमांक ५८. ढोबळमानाने जमिनीचा एक हिस्सा महापालिकेला बाग-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. नेमकी टक्केवारी जमिनीच्या आकारानुसार थोडी बदलत होती, पण वाटणी तिघांत होती. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने तर गिरण्यांच्या जागा सुट्या सुट्या न बघता परिसराची एकत्र रचना करावी असं सुचवलं.

मालक पुढे आले नाहीत. दोन हिस्से सोडून द्यायचे, त्यापेक्षा टाळं लावून बसलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. २००१ मध्ये सरकारने नियम बदलला. वाटणी आता सगळ्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या जमिनीची. जिथे बांधकाम उभं आहे ती जमीन वाटणीतून बाहेर, आणि ते बांधकाम पाडून नवं उभारलं तरी बाहेरच.

आता गिरणी डोळ्यांसमोर आणा, तुमच्या वडिलांचं साचेखातं. करवतीच्या दातांसारख्या छपराची, उत्तरेकडून उजेड घेणारी, जमिनीवर ऐसपैस पसरलेली शेड. जड माग वरच्या मजल्यावर चढवत नाहीत, त्यामुळे विणकाम खालीच. अशा गिरणीत मोकळी जागा उरते किती? समजा १५ एकरांची गिरणी आहे आणि १० एकरांवर शेड, गोदामं, बॉयलर घर. जुन्या नियमात प्रत्येकाला सुमारे ५ एकर. नव्या नियमात वाटायला उरले ५ एकरच, म्हणजे महापालिकेला आणि म्हाडाला प्रत्येकी जेमतेम पावणेदोन एकर आणि बाकीचं सगळं मालकाला. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, पण गणित हेच.

याविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपने जनहित याचिका केली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती वैध ठरली. त्या वेळी सरकारचं म्हणणं असं होतं की मालकांना काही मिळालं नाही तर गिरण्या तशाच पडून राहतील आणि कामगारांची थकबाकीही बुडेल. हे अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण सवलत किती द्यायची याला माप असतं. इथे दार किलकिलं करायला सांगितलं आणि चौकटीसकट काढून दिलं.

म्हाडाच्या वाट्याला जी जमीन आली तिच्यावर घरं झाली. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली, पुढेही काही निघाल्या. अर्ज होते दीड लाखाच्या घरात. तुमच्या वडिलांचा अर्ज भरलेला असेल तर पात्रता निश्चितीची कागदपत्रं, म्हणजे तिकीट, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, सेवा दाखला, यांपैकी हाती असेल ते जपून ठेवा आणि वारस नोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्या.

बागा-मैदानांचं काय झालं हे परळच्या रस्त्यांवर दिसतंच. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, रोज येणारी माणसं बदलली, वाढली, पण स्टेशनचे जिने तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्या दिवशीचा पाऊस, अफवा, सगळी कारणं खरी. पण जमिनीचा वापर बदलायची परवानगी देणारी फाईल आणि पूल रुंद करायची फाईल वेगवेगळ्या कचेऱ्यांत होत्या, आणि पहिलीने दुसरीची वाट पाहिली नाही.

साकीनाक्याला औद्योगिक वसाहतीत माझा गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन. बाजूच्या प्लॉटवर घरं झाली. आता आमच्या वसाहतीतही काही गाळेधारक आय टू आर करू म्हणतात. मला उठावं लागेल का?

आय टू आर ही परवानगी आहे, सक्ती नाही. तिच्या जोरावर चालू धंदा कोणी बंद करू शकत नाही. गाळा तुमच्या मालकीचा, पागडीचा की भाड्याचा, यावर तुमची ताकद ठरते. तेव्हा वसाहतीच्या सभेत जाण्याआधी भाग दाखला किंवा करारपत्र वकिलाला दाखवा. नुसत्या "संमती" म्हणून फिरवलेल्या कोऱ्या कागदावर सही करू नका.

पण मला तुमची काळजी वाटते ती वेगळ्याच बाजूने. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ डेसिबल आणि रात्री ७० अशी मर्यादा आहे. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५, रात्री ४५. तुमचा लेथ तोच, आवाज तोच, पण शेजारच्या सहाव्या मजल्यावर कोणाचं तरी बाळ झोपलेलं असतं, आणि तक्रार येते ती तुमच्यावर. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, दुकान किंवा कारखान्याची नोंदणी, विजेचा औद्योगिक जोड, हे सगळं तारखेनुसार लावून ठेवा. तुम्ही आधी होतात, हे कागदावर दिसलं पाहिजे.

शहराला लेथ हवाच असतो, हे घरं घेणाऱ्यांनाही कळायला हवं. लिफ्टचा शाफ्ट घासला, पंपाचं बेअरिंग गेलं की सोसायटीचा माणूस तुमच्याकडेच येणार. तुम्ही भिवंडीला गेलात तर पार्ट येईल, पण दोन दिवसांनी. औद्योगिक जमीन एकदा निवासी झाली की परत येत नाही, कारण घराच्या भावाला घेतलेल्या जमिनीवर लेथ परवडतच नाही. म्हणून माझं मत असं, की छोट्या गाळ्यांच्या वसाहतींना मोठ्या बंद कारखान्यांच्या नियमाने मोजू नये. बदल करायचाच तर खालचे मजले कारखान्यांसाठी राखायची अट असावी.

ठाण्याला एमआयडीसीत प्लॉट आहे. तिथे हेच नियम चालतील का?

नाही. एमआयडीसीची, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाची जमीन तुम्हाला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळालेली असते आणि तिथे नियोजनाचा अधिकार महामंडळाचा असतो. महापालिकेचं आय टू आर तिथे लागू नाही. भाडेपट्ट्यात वापराचं कलम काय आहे ते आधी वाचा आणि महामंडळाच्या विभागीय कार्यालयात लेखी विचारा. दलालाला विचारू नका.

आमच्या गल्लीतला कारखाना पाडून टॉवर होणार म्हणतात. हरकत कुठे नोंदवायची?

आधी हे ठरवा की बदल कोणत्या वाटेने होतो आहे. आराखड्यातला पट्टाच बदलत असेल तर तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली जातो. त्याची सूचना राजपत्रात येते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. "आमचा विरोध आहे" एवढंच लिहून पाठवू नका. रस्त्याची रुंदी, शाळेतल्या जागा, पाण्याचा दाब, असं मोजता येणारं लिहा. सुनावणीत त्यालाच उत्तर द्यावं लागतं.

आयुक्तांच्या परवानगीने नुसता वापर बदलत असेल तर अशी जाहीर सूचना निघत नाही. मग माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं काय तर परवानगीचं पत्र अटींसह, कामगार आयुक्तांचा दाखला, आणि सुविधा क्षेत्र (सार्वजनिक सोयींसाठी सोडायची जागा) म्हणून महापालिकेकडे किती जमीन आली, ताबा कोणत्या तारखेला मिळाला. ताब्याची तारीख आवर्जून मागा, कागदावर दिलेली जमीन आणि कुंपण घालून ताब्यात आलेली जमीन यांत पुष्कळ अंतर पडतं. अर्जात गल्लीचं नाव नको, सिटी सर्व्हे क्रमांक घाला. नाहीतर "नेमकी माहिती नमूद नाही" असं उत्तर येईल आणि महिना फुकट जाईल.