वाचकांचे प्रश्न : परक्या मंडळीतला पाहुणा

प्रश्न : गेल्या वर्षी मी पहिल्यांदाच परदेशी गेले. यरुशलेम पाहण्याची इच्छा अनेक वर्षे मनात होती. पण पवित्र कबरेच्या चर्चमध्ये बराच वेळ रांगेत उभे राहून आत शिरले, तेव्हा धक्काबुक्की, घाई आणि मोबाइलचे दिवे यांपलीकडे मला काहीच जाणवले नाही. पुढे दुसऱ्या एका देशात, जिथली भाषा मला मुळीच येत नव्हती, एका लहानशा मंडळीच्या उपासनेला बसले होते. शेजारच्या वृद्ध बाईंनी आपले गीतपुस्तक माझ्यापुढे सरकवले आणि मला त्यातले एक अक्षरही वाचता येत नसताना शेवटच्या कडव्यापर्यंत त्या ओळीखालून बोट फिरवत राहिल्या. तिथे मात्र माझे डोळे भरून आले. प्रभूच्या कबरेपाशी कोरडी राहिलेली मी तिथे का रडले? माझा विश्वास नुसत्या भावनेवर उभा आहे का?

उत्तर : कबरेपाशी काही जाणवले नाही, याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. इ.स. ३३५ मध्ये जिथे पहिले चर्च अर्पण करण्यात आले, त्या जागेवर गर्दी तेव्हापासूनच आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक स्त्री पश्चिम युरोपातून यरुशलेमला गेली आणि तिथल्या उपासनेचे बारीकसारीक वर्णन तिने आपल्या भगिनींसाठी लिहून ठेवले. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभाचे मानले जाणारे लाकूड लोकांपुढे ठेवत, तेव्हा सेवक त्याभोवती पहारा देत, कारण पूर्वी कोणीतरी चुंबन घेण्याच्या निमित्ताने त्याचा तुकडा दातांनी तोडून नेला होता, असे ती सांगते. साधारण त्याच काळात कप्पदुकियातील (आजच्या तुर्कस्तानातील) निस्साचे बिशप ग्रेगरी यरुशलेमला जाऊन आले आणि जागा बदलल्याने देव अधिक जवळ येत नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी लिहिले. तेव्हा आपल्याला आलेला अनुभव श्रद्धावंतांना नवा नाही.

मात्र ग्रेगरींचे म्हणणे मला अर्धेच पटते. प्रवासाने देव जवळ येत नसेल, पण घरी आपण ज्या गोष्टींच्या आधारावर उभे असतो, त्या प्रवास एकेक करून काढून घेतो. भाषा जाते, ओळख जाते, मंडळीतली आपली नेहमीची जागा आणि तिच्याबरोबरचा मान जातो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटच्या दोन अध्यायांत हेच पौलाच्या बाबतीत घडते. जहाज फुटते, त्यावरचे २७६ जण पोहत किंवा फळ्यांना धरून माल्टाच्या किनाऱ्याला लागतात, आणि ज्यांनी सुवार्ता कधी ऐकलेली नाही असे तिथले लोक पाऊस आणि थंडी पाहून त्यांच्यासाठी शेकोटी पेटवतात. जो गावोगाव सुवार्ता देण्यासाठी फिरला, तो पौल इथे कुडकुडत दुसऱ्याच्या आगीपाशी येऊन बसला आहे. त्या लोकांनी असामान्य दया दाखवली, ही नोंद या पुस्तकाचा लेखक लूक मोकळ्या मनाने करतो. हा प्रसंग उपदेशातून क्वचितच ऐकायला मिळतो, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्या बाबतीतही असेच झाले असावे, असे मला वाटते. यरुशलेमला जाताना आपण एक अपेक्षा बरोबर नेली होती आणि ती पुरी होते की नाही, याकडे आपले लक्ष होते. त्या लहान मंडळीत आपल्याजवळ ना अपेक्षा होती, ना भाषा. त्या बाईंना आपले नावही ठाऊक नव्हते. तरीही, या पाहुणीला वाचता येत नाही म्हणून ती गीताबाहेर राहू नये, एवढे त्यांना महत्त्वाचे वाटले. एगेरियानेही असेच काही टिपले आहे. यरुशलेमचे बिशप ग्रीक भाषेत शिकवत, एक धर्मगुरू त्याचे सिरियाकमध्ये भाषांतर करी, आणि ज्यांना फक्त लॅटिन कळे, त्यांना ग्रीक आणि लॅटिन दोन्ही जाणणारे बंधू आणि भगिनी समजावून सांगत, म्हणजे कोणी खिन्न होऊ नये. इतक्या पवित्र स्थळांच्या वर्णनात तिला ही गोष्टही लिहावीशी वाटली. आपले अश्रू भावनेचे होतेच, पण त्यांना खरे कारण होते : ‘मी परका होतो आणि तुम्ही मला जवळ केले’ हे मत्तयाच्या २५व्या अध्यायातले वचन आपण तोवर देणाऱ्याच्या बाजूने ऐकत आला होता, त्या दिवशी ते घेणाऱ्याच्या बाजूने ऐकलेत.

प्रश्न : आम्ही प्रोटेस्टंट आहोत. परदेशात एका ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासना संपल्यावर एका गृहस्थांनी माझ्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. तो प्रभुभोजनाचा, म्हणजे पवित्र भाकरी आणि द्राक्षारसाच्या विधीतला, असेल या भीतीने मी तो खाल्ला नाही आणि परतही केला नाही. अजून रुखरुख लागून आहे.

उत्तर : ती बहुधा ‘अँटिडोरॉन’ असावी. भाकरीचा जो भाग प्रभुभोजनासाठी वापरला जात नाही, तो आशीर्वादित करून उपासनेच्या शेवटी वाटतात आणि अनेक ठिकाणी पाहुण्यांनाही देतात. या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘दानाऐवजी’ असा आहे. ऑर्थोडॉक्स मंडळ्या स्वतःच्या सभासदांखेरीज इतरांना प्रभुभोजन देत नाहीत, आणि कॅथलिक चर्चही काही अपवाद सोडता देत नाही. त्या नियमाचा पाहुण्याने मान राखावा आणि शंका असल्यास उपासनेपूर्वी विचारून घ्यावे. आपण थबकलात ते आदरापोटी, त्यामुळे त्यात अपराध नाही. फक्त, प्रभूच्या मेजापाशी आपण अजून एकत्र बसू शकत नाही ही वेदना आणि तरीही पाहुण्याला रिकाम्या हाताने जाऊ न देण्याची त्या गृहस्थांची इच्छा, ही दोन्ही त्या तुकड्यात होती. पुन्हा कधी असे घडले, तर तो आनंदाने घ्या.

प्रश्न : आपल्या स्वतःच्या प्रवासात विश्वासाला हादरा देणारी एखादी जागा होती का?

उत्तर : होती. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीचे कॅथीड्रल. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात ते जळाले. छताच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर आडव्या पडलेल्या पाहून एका पाथरवटाने त्यांचा क्रूस बांधला. पुढे तिथले प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी वेदीमागच्या भिंतीवर शब्द कोरवून घेतले : ‘पित्या, क्षमा कर’. लूकच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘त्यांना’ हा शब्द आहे, तो इथे नाही. मी बराच वेळ त्या भिंतीसमोर उभा राहून तो शब्द शोधत होतो.

१९५८ पासून तिथे समेटाची एक प्रार्थना म्हटली जाते. शुक्रवारी दुपारी बाराला ती त्या छप्पर नसलेल्या भिंतींमध्येच होते. मी गेलो त्या दिवशी पंधरा-वीस माणसे होती. एका तरुणाने प्रार्थनेचा कागद माझ्या हातात दिला. राष्ट्राराष्ट्रांतील द्वेष, लोभ, मत्सर असे एकेक पाप धर्मगुरू उच्चारत आणि सर्वजण ‘पित्या, क्षमा कर’ असे उत्तर देत. मीही ते देत होतो. मग कैदी, बेघर आणि निर्वासित यांच्या दुःखाविषयीच्या आपल्या बेपर्वाईची ओळ आली. आमच्याच मंडळीत काही महिने शेवटच्या बाकावर एकटे बसून, नंतर येईनासे झालेले एक परप्रांतीय कुटुंब मला आठवले. त्यांची नावे मी कधी विचारली नव्हती. बाकीचे उत्तर देऊन पुढे गेले. मी त्याच ओळीवर थांबलो होतो.