खेळणी कपाटात, पोरगा परातीत

प्रश्न : बाई, माझा मुलगा 20 महिन्यांचा आहे. पहिल्या वाढदिवसाला आणलेली महागडी ‘शैक्षणिक’ खेळणी कपाटात पडून आहेत. मी भाकऱ्या करायला बसले की हा परातीत हात घालतो, नाहीतर डब्यातले बटाटे बाहेर काढून परत आत टाकत बसतो. घराला लागूनच आमचे यंत्रमाग आहेत. सासूबाई त्याच्याशी तेलुगू बोलतात, मी मराठी. शब्द जेमतेम आठ-दहा. शेजारीण म्हणते, दोन भाषांनी पोर गोंधळतं, मोबाइलवर बडबडगीतं लावून दे. काय करू?
– एक आई, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : शेजारणीला चहा पाजा, सल्ला मात्र घेऊ नका. दोन भाषांमुळे मूल बोलण्यात मागे पडत नाही. आपल्या पूर्व भागात कितीतरी पोरं घरात तेलुगू आणि गल्लीत मराठी बोलत मोठी झाली. शब्द दोन्ही भाषांचे मिळून मोजा. आजीकडे ‘पालु’ मागतो आणि तुमच्याकडे ‘दूद’, तर ते दोन धरायचे. सासूबाईंना तेलुगूच बोलू द्या, गाणी-गोष्टींसकट.

मोबाइलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय, दोन वर्षांच्या आत पडदा नको. त्याऐवजी दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी. जिना चढणं, गादीवर लोळणं, सगळं त्यात आलं.

आता ती परात. तो पिठात काय करतो ते एकदा नीट बघा. आधी अख्खा पंजा दाबेल, मग एकच बोट खुपसेल, मग चिमटीत पीठ धरून जमिनीवर सोडेल आणि तुमच्या तोंडाकडे बघेल. हीच चिमूट पुढे पेन्सिल धरणार आहे. त्याला मळलेल्या पिठाचा वेगळा गोळा आणि एक वाटी द्या. बटाटा डब्यात पडला की म्हणा, “टाकलास? धप्पकन पडला! अजून एक?” आणि गप्प बसा. मनात पाचपर्यंत मोजा. तो ‘अं’ म्हणेल, बोट दाखवेल, कधी शब्दही काढेल. तेच त्याचं उत्तर, त्यावर पुढचं बोला. बालवाडीत नव्या शिक्षिकांना हे गप्प बसणं शिकवताना माझ्या नाकी नऊ यायचे! आपण मोठी माणसं प्रश्नही विचारतो आणि उत्तरही देऊन टाकतो.

तुमच्याकडे सुताचे रिकामे कोन असतीलच. पुसून चार-पाच द्या. एकावर एक घालेल, पाडेल, कानाला लावून फोन करेल. मागाच्या खोलीत मात्र त्याला फिरकू देऊ नका. त्या खडखडाटात शब्द सुटे ऐकू येत नाहीत, म्हणून गप्पांची वेळ माग बंद असतानाची धरा. कपाटातली खेळणी राहू द्यात, वर्षभराने कदाचित आवडतील.

जपायचं कुठे, तर पहिलं म्हणजे शेंगदाणे. सोलापुरात घरोघरी शेंगा, पण चार वर्षांपर्यंत सबंध दाणा हातात नको, घशात अडकतो. साडेचार सेंटिमीटरपेक्षा लहान चेंडूही नको. लिंबूसुद्धा नको, बटाटेच बरे. आणि आपल्याकडे पाणी रोज येत नाही, म्हणून बादल्या-पिंपं भरलेली असतात. मूल वीतभर पाण्यातही बुडतं. पाण्याशी खेळताना तुम्ही हाताच्या अंतरावर हव्यात आणि पिंपावर घट्ट झाकण हवं.

आठ-दहा शब्द या वयाला काळजीचे नाहीत. दोन वर्षांचा होईतो ‘अम्मा ये’ असे दोन शब्द जोडतो का, बघा. पण हाक मारली तरी वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर दोन वर्षांची वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानांची तपासणी आधी करून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तिथे तपासणी मोफत होते. पथक कधी येणार, ते सेविकेला विचारून ठेवा.