गुण कमी पडले, पण नेमके कुठे?

स. न. वि. वि.

आपली कन्या नेत्रविज्ञानाच्या एम. एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या मोतीबिंदू शस्त्रक्रियांचे चित्रीकरण पाहून गुण दिले जातात आणि ते कमी पडल्यापासून ‘माझा हातच स्थिर नाही’ असे म्हणून ती शाखा सोडायचा विचार करते आहे, असे आपण लिहिले आहे. एवढ्यावरून शाखा सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली होते आणि कॅमेरा त्यालाच जोडलेला असतो, त्यामुळे चित्रफितीत केवळ डोळा आणि उपकरणे दिसतात. नाव झाकले तर ती कोणाची हे न कळताही परीक्षकाला गुण देता येतात. आंतरराष्ट्रीय नेत्रविज्ञान परिषदेच्या ‘ऑस्कर’ या मूल्यमापन तक्त्यात तर प्रत्येक टप्प्यावर नवशिका काय करतो आणि सक्षम शल्यचिकित्सक काय करतो, हे शब्दांत दिलेले आहे. ‘हात बरा आहे’ या सरांच्या मोघम शेऱ्यापेक्षा मला ही पद्धत अधिक न्याय्य वाटते.

म्हणून एकूण गुण बाजूला ठेवून टप्पा पाहावा. भिंगाच्या पुढच्या आवरणाला गोल छेद घेताना, म्हणजे कॅप्सुलोरेक्सिस करताना, फाट कडेकडे पळाली तर विद्यार्थी हाताला दोष देतो. पण फीत मागे नेऊन पाहिली की पुष्कळदा व्हिस्कोइलास्टिक, म्हणजे डोळ्यात जागा राखणारा जेलसारखा दाट द्रव, कमी भरल्याने भिंगापुढचा कप्पा उथळ झालेला आढळतो. हा दोष थरथरीचा नसून आधीच्या पायरीचा आहे आणि तो सुधारता येतो. डोळा वारंवार चौकटीच्या मध्यापासून सरकत असेल, तर उपकरणे आत घालण्यासाठी घेतलेल्या छेदाच्या कडेवर ती रेटली जात आहेत का, हे तपासावे.

अर्थात फितीला मर्यादाही आहेत. मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेणाऱ्या फेको यंत्राच्या पेडलवरचा पाय तीत दिसत नाही आणि आवाज नोंदवलेला नसेल, तर वरिष्ठांनी किती वेळा सूचना दिल्या हेही कळत नाही.

तिने शेवटच्या पाच-सहा शस्त्रक्रियांचे टप्पेवार गुण समोर ठेवून, सर्वांत कच्च्या टप्प्याची फीत मार्गदर्शकांसोबत पाहावी आणि तेवढाच टप्पा वेट लॅबमध्ये, म्हणजे सरावाच्या प्रयोगशाळेत, बोकडाच्या डोळ्यावर घोटावा. फिती मात्र विभागातच पाहाव्यात. रुग्णाच्या संमतीचा प्रश्न असल्याने त्या घरी आणून आपल्याला दाखवण्याचा आग्रह कृपया धरू नये. काही महिन्यांच्या अशा सरावानंतरही तोच टप्पा अडला, तर मेडिकल रेटिनासारख्या (दृष्टिपटलाच्या आजारांवरील औषधोपचार), शस्त्रक्रियेवर कमी भर असलेल्या उपशाखांविषयी मला पुन्हा लिहावे.